मार्कंडेयात मासे दिसतात, पण कोणते?

प्रश्न : सर, आमचं शेत मार्कंडेय नदीच्या काठाला आहे. मधली बरीच वर्षं उन्हाळ्यात नदीत मासाच दिसत नव्हता. आता मरळ आणि चिलापी भरपूर मिळतात. नदी सुधारली म्हणायची का? गावातली पोरं वर्गणी काढून रोहू-कटल्याचं बीज सोडायचं म्हणतात. सोडावं का?
— एक शेतकरी, आंबेवाडी (ता. बेळगाव)

उत्तर : बीज सोडू नका, हे आधी सांगतो.

मरळ आणि चिलापी वाढली म्हणून नदी सुधारली असं मी म्हणणार नाही. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेते, पाण्यातला प्राणवायू संपत आला तरी तगते. चिलापी मूळची आफ्रिकेतली, 1952 साली आपल्याकडं आणलेली. तिची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा वीण होते. गढूळ, घाण पाण्यात इतर मासे मरतात आणि हिचं फावतं.

मी नदीकाठी गेलो की मळ्या शोधतो. बोटाएवढा मासा. हनुवटीखाली चकतीसारखा चोषक असतो, त्यानं वाहत्या पाण्यातल्या दगडाला चिकटून तो शेवाळ खरवडतो. दगडावर गाळ बसला की त्याचं जेवण संपलं. पूर ओसरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, बंधाऱ्याखालच्या उथळ खळाळात उतरा. दोघांनी मच्छरदाणीचा तुकडा ताणून धरायचा, तिसऱ्यानं वरच्या अंगाचे दगड पायानं हलवायचे. जे सापडेल ते पांढऱ्या बादलीत पाणी घेऊन बघा आणि लगेच सोडा. मळ्याची, खवली माशाची यंदाची पिल्लं दिसली, एखादी सापासारखी लांब वांब वळवळली, तर मला जरूर कळवा. मला त्याचा फार आनंद होईल.

मासे गेले कशानं? उन्हाळ्यात पाणी आटतं, त्यात सांडपाणी आणि कुठं कुठं साखर कारखान्याची मळी. मळी कुजताना प्राणवायू खाते. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून मेलेले मासे सकाळी तरंगताना दिसतात. वाळू उपसली, खडसाची, म्हणजे आपल्याकडच्या महाशीर माशाची, अंडी घालायची जागा गेली. डोहात जिलेटीनची स्फोटकं टाकणाऱ्यांनी तर पिल्लांसकट सगळं मारलं. 1897 च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे, तरी चालतं, याची चीड येते.

आणि बंधारे. पहिल्या पुराला पोटात अंडी घेऊन मासा चढणीला लागतो. त्या वेळी बरगे, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात बसवलेल्या फळ्या, तसेच असले की तो भिंतीला धडका देत खाली अडकतो, आणि तिथंच आपली माणसं जाळं लावून उभी असतात. एक मादी धरली की हजारो अंडी गेली.

आता रोहू-कटला. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातले नव्हेत. आपल्या देशातले मासेसुद्धा परक्या नदीत घात करतात. लोणावळ्याला पैदास केलेला आपला खडस कावेरीत सोडला गेला. तिथल्या कुबडाच्या महाशीरला त्याचा फटका बसला, आणि 2018 साली तो महाशीर अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

वर्गणी जमलीच असेल तर शेततळ्यात बीज सोडा, मात्र पुराचं पाणी ज्यात शिरत नाही अशाच. नदीसाठी मे महिन्यातच पंचायतीला आणि पाटबंधारे खात्याला लेखी अर्ज द्या: पहिल्या पुराआधी बरगे काढा. पोरांनी जून-जुलै बंधाऱ्याखाली आळीपाळीनं थांबून जाळं लावू देऊ नये. खर्च काहीच नाही, पण पावसात उभं राहावं लागेल.