तोकायची बुरशी आपल्या बागेत चालेल का?

प्रश्न : हंगेरीतील तोकाय भागात बुरशी लागलेल्या द्राक्षांपासून मौल्यवान गोड वाइन करतात, असे समजले. मग आमच्या वाइन द्राक्षांवर करडी बुरशी आल्यास फवारणी न करता घड वेलीवरच ठेवावेत का? (निफाड व दिंडोरी तालुक्यांतील काही बागायतदार)

उत्तर : ठेवू नयेत. तोकाय ईशान्य हंगेरीत, झेम्प्लेन डोंगरांच्या पायथ्याशी, सुमारे ४८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे बोद्रोग आणि तिसा नद्यांचा संगम होतो. ऑक्टोबरमध्ये सकाळी नदीकाठचे धुके बागांवर पसरते आणि दुपारी ऊन-वाऱ्याने ते विरते. धुक्याच्या ओलाव्यावर बोट्रायटिस, म्हणजे हीच करडी बुरशी, पूर्ण पिकलेल्या मण्याच्या सालीत शिरते आणि दुपारच्या कोरड्या हवेत सालीच्या सूक्ष्म छिद्रांवाटे मण्यातील पाणी उडून जाते. मणी तपकिरी-जांभळा पडून मनुक्यासारखा सुरकुततो. साखर, आम्ल आणि गंध त्यात एकवटतात. या मण्यांना तिथे ‘ऑसू’ म्हणतात. मजूर त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरून ते एकेक वेचतात. मुख्य वाण फुरमिंट हा उशिरा पिकतो आणि आंबटपणा राखतो. म्हणूनच लिटरमागे किमान १२० ग्रॅम साखर असूनही ही वाइन मिट्ट गोड लागत नाही. ही किमया ठरावीक जागेचीच आहे, हे ओळखून १७३७ मध्येच राजाज्ञेने तिथली गावे निश्चित केली गेली.

आपली जमीनही ज्वालामुखीच्या खडकाचीच, असे काही शेतकरी म्हणतात. तिथला खडक मुख्यतः रायोलाइट व अँडेसाइट आहे, आपला बेसाल्ट. शिवाय माती जुळली तरी हवा जुळत नाही. गोडी छाटणीनंतर (फळांसाठी केलेल्या छाटणीनंतर) आपला माल जानेवारी ते मार्चमध्ये तयार होतो, तेव्हा हवा दिवसेंदिवस कोरडी व उष्ण होत जाते. त्यात अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात, आंबट कूज आणि काळी बुरशी शिरते. काळ्या बुरशीच्या काही प्रजाती तर ऑक्राटॉक्सिन हे विष तयार करतात. खुद्द तोकायमध्येही पावसाळी शरदात हीच बोट्रायटिस अख्खा घड नासवते.

म्हणून घडाजवळची पाने विरळ करून हवा खेळती ठेवावी, तडकलेले मणी कात्रीने काढून बागेबाहेर न्यावेत आणि शिफारशीतील बुरशीनाशक काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी व काढणी यांत ठेवायचे दिवस) पाळूनच फवारावे. गोड वाइनसाठीच माल द्यायचा असेल, तर वायनरीशी आधी लेखी ठरवून शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाइन द्राक्षाच्या वाणाचे निरोगी घड वेलीवर अधिक दिवस पिकू द्यावेत.