बाहेरची ऑब्झर्वरशिप आणि उसाच्या पात्याने दुखावलेले डोळे

सोलापुरात नेत्ररोगात एमएस करणारी दुसऱ्या वर्षाची एक रेसिडेंट (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) एकच प्रश्न घेऊन आली. "मॅडम, मोठ्या आय इन्स्टिट्यूटला महिनाभर ऑब्झर्वरशिप केली नाही तर कॉर्नियाची फेलोशिप मिळणारच नाही का? बॅचमधले सगळे चाललेत." ऑब्झर्वरशिप म्हणजे दुसऱ्या संस्थेत जाऊन काम नुसतं पाहायचं; कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा.

तिला आधी विचारलं, "निवड कोण करतं?" कारण खरं उत्तर तिथंच असतं. एफएनबी, म्हणजे नॅशनल बोर्डाची फेलोशिप, असेल तर त्या बोर्डाची एफईटी ही प्रवेश परीक्षा आणि तिची गुणवत्ता यादी; डीएम-एमसीएच या सुपरस्पेशालिटी पदव्यांना नीट-एसएस परीक्षा. तिथं बाहेर काढलेला महिना एकही गुण वाढवत नाही, उलट अभ्यासाचे दिवस खातो. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद, मदुराईची अरविंद, चेन्नईची शंकर नेत्रालय अशा संस्था मात्र आपले फेलो स्वतः निवडतात. तिथं आधी पाहिलेलं काम उपयोगी पडतं. तिची वाट हीच होती. "सगळे" मोजायला लावले, तेव्हा त्यातले निम्मे एफएनबीवालेच निघाले.

मग रजा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३च्या पदव्युत्तर नियमांत वर्षाला २० दिवस पगारी आणि ५ दिवस शैक्षणिक रजा, शिवाय ८० टक्के हजेरी. जिल्हा रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेतल्या सक्तीच्या कामाचे, ३ महिने तिसऱ्या ते पाचव्या सत्रात कधीही लागतात आणि त्याऐवजी बाहेरचं पोस्टिंग चालत नाही. थीसिस अंतिम परीक्षेच्या ६ महिने आधी द्यायचा. हे सगळं कागदावर मांडल्यावर महिन्याचा हट्ट आपोआप सुटला. चौथ्या सत्रात, जिल्हा रेसिडेन्सी उरकल्यावर, दोन आठवडे असं ठरलं. आठवड्याहून कमी काळात कुणी तुमचं नावही लक्षात ठेवत नाही.

पत्रव्यवहार निदान चार-पाच महिने आधी सुरू करायचा: विभागप्रमुखांची सही, डीनचं ना-हरकत पत्र, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची (एमएमसी) नोंदणी, हिपॅटायटिस बी लसीचा दाखला. तिच्या पहिल्या मेलला पाच पानी बायोडेटा जोडलेला होता आणि सुरुवात "रिस्पेक्टेड सर". नाव नाही, तारखा नाहीत. उत्तर आलं नाही, यात नवल ते काय? दुसरा मेल सहा ओळींचा. कॉर्निया विभागातल्या एका डॉक्टरांच्या नावाने, दोन पर्यायी तारखांसह. त्या आठवड्यात विभाग कॉन्फरन्सला गेलेला नाही ना, हेही आधी विचारायचं. ऐन तेव्हाच पोचून रिकाम्या ओपीडीत बसून परतणारे दरवर्षी भेटतात.

ऑब्झर्वर सहसा रुग्णाला हात लावत नाही. शस्त्रक्रिया करायला मिळेल या आशेने जाणारे तिसऱ्या दिवशी हिरमुसतात. मग दाखवायचं काय?

इथंच सोलापूर कामाला आलं. ऊसतोडणीच्या हंगामात तिच्या ओपीडीत पातं लागलेले डोळे येत होते. त्यातल्या काहींत बुरशीचा अल्सर. तिला ते रोजचंच वाटायचं, म्हणून तिने कधी नोंदवून ठेवलं नव्हतं. विभागाची परवानगी घेऊन, रुग्णाचं नाव न लिहिता तिने वही सुरू केली: इजा कधी आणि कशाने, केओएच स्मिअर (बुरशी शोधायची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), कल्चर, नाटामायसिन हे बुरशीवरचं औषध किती दिवसांनी सुरू झालं, जखम भरली की कॉर्निया फुटला. आणि सर्वात महत्त्वाचा रकाना, त्याआधी मेडिकलमधून आणलेले थेंब कुठले? स्टेरॉइडचे थेंब पडले असतील तर बुरशी फोफावते, आणि लाली मात्र उतरते म्हणून माणूस उशिरा येतो.

ही वही घेऊन ती गेली. दुसऱ्या आठवड्यात दहा मिनिटं केस मांडायला मागितली, मिळाली. शिफारसपत्र शेवटच्या दिवशी नव्हे, तीन दिवस आधी, सोबत केलेल्या कामाचा एक पानी गोषवारा देऊन मागितलं. दुसरं पत्र मात्र सोलापूरच्या विभागप्रमुखांकडूनच घ्यायला सांगितलं. दोन आठवडे पाहणाऱ्यापेक्षा तीन वर्षं पाहणाऱ्याचं पत्र जड असतं, आणि नेमकं तेच मागायला ती कचरत होती.