गणवेश, केस आणि वर्गाबाहेर उभे असलेले मूल
पालक आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून जी पत्रे आली, त्यांतील निम्म्याहून अधिक पत्रांचा विषय गणवेश, बूट आणि केस हाच होता. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत शिकते. शनिवारी पांढरा गणवेश आणि पांढरे कॅनव्हासचे बूट असा शाळेचा नियम आहे. जुलैमध्ये झडीच्या दिवसांत शुक्रवारी धुतलेले बूट वाळले नाहीत, म्हणून ती शनिवारी रोजचे काळे बूट घालून गेली. तिला पहिले दोन तास वर्गाबाहेर उभे केले आणि नंतर ‘वडिलांना घेऊन ये’ असे सांगून घरी पाठवले. मी कारखान्यात पहिल्या पाळीला होतो आणि तिची आई कामावर गेली होती. शाळेला असा अधिकार आहे काय? (एक पालक, सातपूर)

उत्तर : नाही. गणवेश कोणता असावा हे ठरवण्याचा अधिकार शाळेला आहे आणि तो पाळला जावा अशी अपेक्षाही रास्त आहे. परंतु तो पाळला गेला नाही म्हणून मुलाला शिकवण्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार त्यातून निर्माण होत नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा देता येत नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येत नाही; या कलमाचा भंग करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. सर्वांच्या देखत दोन तास दाराशी उभे करणे ही मानसिक छळात मोडणारी गोष्ट आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून गंभीर बाब अशी की, शाळेच्या वेळेत बारा-तेरा वर्षांच्या मुलीला, घरी कोणी आहे की नाही याची चौकशी न करता, एकटीला रस्त्यावर पाठवण्यात आले. त्या वेळेत तिची जबाबदारी शाळेची होती.

हे लिहिताना मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी पाचवीची वर्गशिक्षिका होते. मुलींनी दोन वेण्या वर बांधून पांढऱ्या रिबिनी लावाव्यात असा आमच्या शाळेचा नियम होता. एक मुलगी सलग तीन दिवस केस नुसते रबराने बांधून आली, तेव्हा मी तिला प्रार्थनेच्या वेळी रांगेपासून वेगळे उभे केले. चौथ्या दिवशी ती दोन वेण्या घालून आली. एक वेणी कानापाशी सुरू झालेली, दुसरी मानेपाशी, आणि भांग कुठेच सरळ नव्हता. माझ्या टेबलापाशी येऊन तिने विचारले, ‘बाई, आज चालेल का?’ चौकशी केल्यावर कळले की तिची आई बाळंतपणासाठी माहेरी गेली होती, घरी वडील आणि धाकटा भाऊ होता, आणि त्या वेण्या तिने स्वतः आरशात बघून घातल्या होत्या. हे मी पहिल्याच दिवशी विचारू शकले असते. विचारले नाही, याचे दुःख मला आजही आहे.

शाळेच्या दैनंदिनीत ‘विद्यार्थ्यांसाठी नियम’ या शीर्षकाखाली जी वाक्ये छापलेली असतात, त्यांतील बहुतेक वाक्ये खरे तर घरातील मोठ्या माणसांना उद्देशून असतात. बूट मूल विकत आणत नाही, शर्ट मूल शिवून घेत नाही, आणि पावसाळ्यात घरात दोरी बांधायला जागा आहे की नाही हे मूल ठरवत नाही. निरोप मोठ्यांना द्यायचा असेल तर तो मोठ्यांनाच द्यावा. त्यासाठी मुलाला दाराशी उभे करण्याचे कारण नाही.

आपण प्रथम मुख्याध्यापकांना पत्र लिहावे. पत्रात राग नको, मात्र तारीख, वेळ, मुलीला किती वेळ बाहेर उभे केले आणि ती घरी कशी पोहोचली हे सर्व असावे. पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर याच कायद्याच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते; नाशिक शहरात ती महानगरपालिकेकडे करावी. तक्रारीचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. बहुतेक प्रकरणे पोच घेतलेल्या पहिल्या पत्रावरच मिटतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आठवीतील माझ्या मुलाचे केस वाढले होते हे मला मान्य आहे. पण प्रार्थनेच्या वेळी शिक्षकांनी कात्री आणून सर्वांसमोर त्याचे पुढचे केस कापले. तो आता शाळेत जायलाच तयार नाही. त्याचे वडील म्हणतात, ‘आमच्या वेळी तर छड्या बसत, एवढे काय त्यात?’ (एक आई, सिडको)

उत्तर : आपल्या यजमानांच्या मताचा आदर ठेवून सांगते की, येथे केसांच्या लांबीचा प्रश्न दुय्यम आहे. शिक्षकांनी मुलाच्या शरीराला हात लावला, तोही त्याला लाज वाटावी एवढ्याच हेतूने. वर सांगितलेले कलम १७ येथे पूर्णपणे लागू होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा २००९ च्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. आपल्या मुलाची शाळा तशी असली तरी बाल न्याय अधिनियम, २०१५ याचे कलम ७५ उरतेच. मूल ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याने मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना दिल्यास तो त्या कलमाखाली गुन्हा ठरतो. पोलिसांकडे जावे असे मी लगेच सुचवत नाही. परंतु कायदा या कृतीकडे किती गांभीर्याने पाहतो, हे मुख्याध्यापकांशी बोलताना आपल्याला ठाऊक असावे. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही जवळ असू द्यावा.

मुलाविषयी एक विनंती आहे. केस नीट कापून आणले की प्रश्न सुटला असे समजून त्याला दुसऱ्याच दिवशी त्याच मैदानावर, त्याच रांगेत उभे राहायला लावू नका. आधी आपण आणि त्याच्या वडिलांनी, दोघांनीही, त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे की केस वाढवण्यात त्याची चूक असेल, पण त्याच्याशी जे वागले गेले ते चुकीचे होते. आई एक सांगते आणि वडील दुसरे, असे झाले तर त्याच्या मनातील अपमान तसाच राहील. शाळेने त्याच्याशी बोलावे, शक्य तर संबंधित शिक्षकांनी स्वतः बोलावे, अशी मागणी पत्रात करा.

हे सदर वाचणाऱ्या शिक्षकांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नियमात ‘केस व्यवस्थित असावेत’ असे लिहिण्याऐवजी ‘केस कानावर येऊ नयेत आणि कॉलरला टेकू नयेत’ असे लिहिले, तर निम्मे वाद होतच नाहीत. आणि मुलाच्या डोक्याला हात लावण्याआधी त्याच्या घरी विचारावे. अनेक घरांत श्रावणात केस कापत नाहीत. काही मुलांचे केस नवसाचे असतात आणि ते वणीच्या गडावर सप्तशृंगीला जाऊनच उतरवायचे असतात. शीख मुलाचे केस हा तर त्याच्या धर्माचा अविभाज्य भाग आहे. मुदत द्यायची असेल तर दैनंदिनीत चार ओळी लिहून पालकांना द्यावी.

प्रश्न : आमच्या दोन मुली एकाच इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आहेत. यंदा शाळेने गणवेशाचे कापड बदलले आणि एकाच दुकानातून तो घेण्यास सांगितले. मोठीचे कपडे धाकटीला वापरता येतील, या हिशेबाने आम्ही गेल्या वर्षी ते मोठ्या मापाचे घेतले होते. आता काय करावे? (एक पालक, गंगापूर रोड)

उत्तर : ठरावीक दुकानातूनच खरेदी करण्याची सक्ती शाळांनी करू नये, असे शिक्षण खात्याने वेळोवेळी बजावलेले आहे. आपण शाळेकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कापडाचा नमुना, रंगाचा क्रमांक किंवा गिरणीचे नाव, आणि शाळेचे बोधचिन्ह स्वतंत्र विकत देण्याची तयारी. एवढे मिळाले की मेन रोडवरील किंवा शालिमारकडील कोणत्याही कापडाच्या दुकानातून कापड घेऊन आपल्या शिंप्याकडून गणवेश शिवून घेता येतो. आपल्या राज्यातच सोलापूर हे गणवेश तयार करण्याचे मोठे केंद्र आहे, त्यामुळे एखाद्या रंगाचा माल एकाच दुकानात मिळतो, हे सहसा पटण्यासारखे नसते.

अचानक झालेल्या बदलाबाबत मात्र एकट्याने भांडण्यात अर्थ नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेत ठराव मांडा की, बदल करायचा असल्यास तो एक वर्ष आधी कळवावा आणि त्यानंतर किमान दोन वर्षे जुना गणवेशही चालावा. लहान बहिणीने मोठीचा स्कर्ट वापरणे यात कमीपणा नाही, आणि जी शाळा ती वाट बंद करते तिने त्याचे कारण पालकांना सांगितले पाहिजे.

प्रश्न : डिसेंबरमध्ये आमच्याकडे सकाळी कडाक्याची थंडी असते. शाळेच्या रंगाचा नसलेला स्वेटर मुलांना फाटकावर काढायला लावतात. (एक आजोबा, निफाड)

उत्तर : निफाडचा पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. अशा सकाळी मुलाच्या अंगातून स्वेटर काढून घेणे कोणत्याही नियमाने समर्थनीय ठरत नाही. मुख्याध्यापकांना भेटा आणि कोणत्याही रंगाचा स्वेटर चालेल अशी सूचना फलकावर लावून घ्या. त्यांनी नकार दिल्यास तो नकार लेखी मागा.

प्रश्न : मी नववीत आहे आणि सायकलने शाळेत जाते. स्कर्टमुळे सायकल चालवताना फार अवघडल्यासारखे होते. आम्ही काही मुलींनी फुलपँटची परवानगी मागितली, तर ‘मुलींचा गणवेश ठरलेला आहे’ असे उत्तर मिळाले. (एक विद्यार्थिनी, नाशिकरोड)

उत्तर : तुझी मागणी अगदी योग्य आहे आणि ती तुम्ही स्वतः जाऊन केली, याचा मला आनंद वाटतो. गणवेश ठरलेला असतो तो माणसांनीच ठरवलेला असतो, त्यामुळे तो बदलताही येतो. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील वलयनचिरंगरा येथील सरकारी प्राथमिक शाळेने २०१८ मध्ये मुलगे आणि मुली दोघांसाठीही शर्ट आणि गुडघ्याखालपर्यंतची पँट असा एकच गणवेश ठरवला. मुलींना धावता, खेळता, मोकळेपणाने बसता यावे हाच त्यामागील विचार होता. आपल्याकडेही अनेक शाळांत वरच्या वर्गांतील मुलींना सलवार-कमीज आहेच, म्हणजे पाय झाकलेला गणवेश ही काही नवी गोष्ट नाही.

आता एक अर्ज लिहा. ‘आम्हाला आवडत नाही’ असे लिहू नका. सायकल, पावसाळा, खेळाचा तास आणि बाकावर बसताना सतत सावरावे लागणारे कपडे, ही चार कारणे लिहा. सायकलने येणाऱ्या सर्व मुलींच्या सह्या घ्या आणि एका तरी आईला सोबत न्या. रंग तोच ठेवून पँट किंवा सलवार, जे जिला सोयीचे वाटेल ते चालावे, एवढीच मागणी करा. शाळेला हो म्हणणे सोपे जाईल.

प्रश्न : मी पेठ तालुक्यातील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले आहे. कमी पैशांत टिकाऊ गणवेश कसा द्यावा, याविषयी मार्गदर्शन करावे. (एक शिक्षक, पेठ)

उत्तर : २०२४-२५ मध्ये संपूर्ण राज्यासाठी एकाच रंगाचा गणवेश आणि एकत्रित कापडखरेदी असा प्रयोग झाला, अनेक शाळांत गणवेश वेळेत पोहोचले नाहीत, आणि २०२५-२६ पासून ही जबाबदारी पुन्हा समित्यांकडे देण्यात आली. मला हा बदल योग्य वाटतो. मुलाचे माप गावातच घेतले जाते, आणि शिलाई उसवली तर दुरुस्त करणारी व्यक्तीही गावातच असते.

समग्र शिक्षा अभियानातून एका गणवेशासाठी ३०० रुपये धरले जातात. ही रक्कम अपुरी आहे, हे मान्य करूनच पुढचा विचार करावा लागतो. आपल्या तालुक्यात पाऊस फार असतो, म्हणून निव्वळ सुती कापडापेक्षा लवकर वाळणारे टेरीकॉट घ्यावे, पण ते फार पातळ नसावे. पूर्ण कापड कापण्याआधी एक तुकडा गरम पाण्यात धुऊन रंग जातो का ते पाहावे. शिलाई गावातील महिला बचत गटाकडे द्यावी आणि पँटच्या पायाला, स्कर्टच्या घेराला व बगलेत भरपूर माया ठेवायला सांगावी, म्हणजे मूल वाढले तरी तोच गणवेश सोडून पुन्हा शिवता येतो. पहिली-दुसरीच्या मुलांच्या चड्डीला हूक नको, इलास्टिकच हवे.

समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. कापड निवडण्याच्या सभेला त्या महिलांना आवर्जून बोलवा, कारण कपडे धुण्याचे काम त्यांच्याकडेच असते आणि कोणता रंग डाग लपवतो हे त्यांना चांगले ठाऊक असते. शेवटी, शिलाई करताना लहान, मध्यम आणि मोठ्या मापाचे एकेक जोड जास्तीचे शिवून घेऊन कार्यालयाच्या कपाटात ठेवा. कोणी भिजून आले, कोणाचा शर्ट फाटला, तर त्याला तो बदलायला द्या आणि वर्गात पाठवा.