पहाटेच सेन्सर का भडकतो?

प्रश्न: पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एसडीएस०११ हा धूलिकण-सेन्सर नोडएमसीयू या छोट्या वाय-फाय बोर्डाला जोडून वाय-फायवर चालवतो. थंडीत धुकं पडलं की पहाटे पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) दोनशेपार जातं. जवळचं सरकारी केंद्र तेव्हा निम्मंही दाखवत नाही. सेन्सर बिघडला का?

उत्तर: बहुधा नाही. हा सेन्सर कणांचं वजन करत नाही. लेझरच्या झोतात त्यांच्यावरून विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधतो. हवा दमट झाली की सल्फेट, नायट्रेटचे कण पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात. धुक्याचे बारीक थेंबही धूळ म्हणूनच धरले जातात. केंद्रांतली बीटा-किरणांची यंत्रं हवा आत घेताना नळी तापवून ओल कमी करतात, म्हणून त्यांना हा फटका फारसा बसत नाही. सेन्सरच्या माहितीपत्रकात कमाल आर्द्रता ७० टक्केच दिली आहे, पण ते वाचतो कोण!

म्हणून शेजारी बीएमई२८० हा आर्द्रता मोजणारा सेन्सर लावा. त्याच्या नावावर बीएमपी२८० गळ्यात मारला जातो, त्यात आर्द्रता मोजायची सोयच नसते. चिप आयडी (चिपमधला ओळख-क्रमांक) वाचून पाहा: ०x६० म्हणजे बीएमई, ०x५८ म्हणजे बीएमपी. आर्द्रता ७० च्या वर असतानाच्या नोंदींवर खूण करा, पुसू नका.

मग शक्य असल्यास सेन्सर दोन-तीन आठवडे केंद्राजवळ ठेवा आणि दोन्हींच्या तासाच्या सरासऱ्या ताडून दुरुस्तीचं सूत्र काढा, कोरड्या आणि दमट तासांसाठी वेगळं. दुसऱ्या शहराचं सूत्र उचलू नका; तिथल्या कणांची घडण वेगळी असते. आणि पीएम २.५ साठी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ही आपल्या देशातली मर्यादा २४ तासांच्या सरासरीची आहे, पहाटेच्या एका आकड्याची नव्हे.

प्रश्न: पीएम १० चा (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा) आकडा कितपत खरा? सेन्सर किती दिवस टिकतो?

उत्तर: पीएम १० वर विसंबू नका. जाडे कण हा सेन्सर नीट पकडत नाही. रस्त्याची धूळ उडते तिथे आकडा हमखास कमी येतो. लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास, म्हणजे अखंड चालवला तर अकराच महिने. दर पाच मिनिटांत एक मिनिट चालवा, पंखा स्थिरावेपर्यंतचे पहिले ३० सेकंद टाकून द्या. हवेचं तोंड खाली ठेवा, जाळी लावा. कोळी आत शिरला की आकडे वेडेवाकडे येतात.