म्यानमारच्या तरुणांनी शस्त्रं हातात घ्यायची घाई केली का?

घाई? मी तेव्हा यांगूनला होतो, सांचाउंग भागात भाड्याने राहायचो, औषधांच्या धंद्यात. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करप्रमुख मिन आंग लाइंगने सत्ता घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून रोज रात्री आठला अख्खी गल्ली पातेली बडवायला लागली, तिकडे भुतंखेतं घालवायला असंच बडवतात. मी व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला तर मेव्हण्याचा रिप्लाय, "आपण पण थाळ्या वाजवल्या, गेला का कोरोना?" त्याचं जुनंच पालुपद, आपल्याकडे पण पाच वर्षं मिलिटरी पाहिजे, सगळे सुतासारखे सरळ होतील. हा माणूस रत्नागिरीचा, पाहुणे आले की थिबा पॅलेस, म्हणजे इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला जिथे ठेवलं तो वाडा, दाखवायला नेतो आणि मला विचारतो ब्रह्मदेशाशी आपला काय संबंध.

तर ८ मार्च. दिवसा पोरींनी गल्लीत आडव्या दोऱ्या बांधून त्यावर बायकांच्या लुंग्या टांगल्या होत्या, कारण त्याखालून गेलं की पुरुषाचं तेज जातं असं मानतात. हसू नका, शिपाई आधी त्या काढायचे मगच पुढे सरकायचे. रात्री मात्र नाके बंद करून शेदोनशे पोरं आत कोंडली आणि घरोघर झडती सुरू. माझ्या दारावर टकटक झाली, हळू, पोलिसांसारखी नव्हती ती. मी लाइट बंद करून पासपोर्ट खिशात घालून गप्प बसलो. समोरच्या म्हातारीने दार उघडलं. चार जणांना आत घेतलं, घरातले कपडे घालायला दिले, दोघांना चक्क भांडी घासायला बसवलं. पहाटे कर्फ्यू संपल्यावर ती पोरं गेली. सकाळी जिन्यात म्हातारी भेटली, म्हणाली जेवलास का. तिकडे ख्यालीखुशाली अशीच विचारतात, पण माझी मान काही वर होईना.

त्यानंतर २७ मार्चला, त्यांच्या सैन्य दिनालाच, एका दिवसात शंभरावर माणसं मारली. पीडीएफ, म्हणजे लष्कराविरुद्ध लढणारं पीपल्स डिफेन्स फोर्स, जाहीर झालं मे मध्ये. म्हणजे तीन महिने पातेली, लुंग्या, निषेधाचा तीन बोटांचा सलाम, डॉक्टर-मास्तर-रेल्वेवाल्यांचा संप, सगळं करून झालं होतं. याला घाई म्हणत असाल तर म्हणा.

आता पीडीएफवाले सगळे धुतल्या तांदळासारखे आहेत असं नाही, खबरी असल्याच्या संशयावरून पण माणसं मारलीत. आणि मी मार्चअखेर परत आलो, पुढचं सगळं वाचून आणि तिकडच्या लोकांशी बोलून.

२०२४ च्या फेब्रुवारीत तिथे सक्तीची भरती लागू केली, पोरं १८ ते ३५, पोरी १८ ते २७. मेव्हण्याचा मुलगा १९ चा आहे, त्याला जर्मनीला शिकायला पाठवू का म्हणून परवा मला विचारत होता. पाठव की. पण पाच वर्षं मिलिटरी आली असती ना, तर तुझ्या पोराला पासपोर्टपण मिळाला नसता.