आधी पश्चिमेची भिंत

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. मंगळवार पेठेतल्या घराच्या खिडक्या सगळ्या एकदम बदलू की दरवर्षी दोन-दोन, असं विचारलंयस. खिडक्या मोजू नकोस, भिंती मोज. एका भिंतीच्या सगळ्या एकदम उरकायच्या. दुसरी भिंत पुढच्या वर्षावर गेली तरी बिघडत नाही.

चौकट निघाली की आजूबाजूचा गिलावा उकलतोच. मग गवंडी, त्याच्यामागून रंगारी, वरच्या मजल्याला परांची. एका खिडकीसाठी एवढा राडा दरवर्षी कोण काढणार? आणि सगळं घर एकदम करायला कर्ज मात्र अजिबात काढू नकोस.

सुरुवात पश्चिमेकडून. आपल्याकडचा पाऊस तिकडूनच झोडपतो, चौकटी आधी तिथल्याच जातात. पण खरंच गेल्यात का, ते बघ. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाब. आत शिरलं तर लाकूड संपलं. टणक लागलं तर त्या चौकटीला हात लावू नकोस. झडपा रंधून घे, बिजागऱ्या बदल. जुनं सागवान न्यायला गिऱ्हाईक दारात उभंच असतं, ते काय उगीच?

अजून एक. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेजवळ खाच आहे का बघ. नसेल तर पावसाचं पाणी छज्ज्याच्या पोटाला धरून सरकत भिंतीत येतं आणि बोल लागतो बिचाऱ्या खिडकीला. आधी ते दुरुस्त कर, नाहीतर नव्या खिडकीखालीही पोपडे सुटतील.

काम दिवाळीनंतर काढ. मे महिन्यावर ढकललंस तर कारागीर मिळायचे नाहीत आणि वळीव गाठेल.

अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या घेणार असशील तर तीन ट्रॅकच्या घे, तिसऱ्या ट्रॅकवर जाळीची सोय होते. पावसाचं पाणी बाहेर जायला खालच्या पट्टीला भोकं हवीत, खालच्या दगडाला बाहेर उतार हवा. बिलावर सेक्शनचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या प्रकाराचं, नाव आणि रंगाचा नंबर लिहून घे. पुढच्या वर्षीची भिंत त्याला जुळवायची आहे.

आणि मापं घेताना स्वतः हजर राहा. रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घ्यायला लाव. पेठेतल्या जुन्या भिंती ओळंब्यात क्वचितच असतात, आणि बेतलेली खिडकी परत घ्यायला कुणी तयार होत नाही.

तुझा,
काका