विचारा सिस्टरला : बिथरलेला बाप, वर्गात न टिकणारं पोरगं आणि ‘पडली’ म्हणणारी सून

मानसिक आरोग्य परिचारिका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रं थोडक्यात छापली आहेत. नावं मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : बाप ७४ वर्षांचा. वर्षभरापासून जरासं विसरतेच, पण परवा रात्रीपासून पार बिथरला. घरात ढोरं शिरली म्हणते, हवेत काहीतरी पकडते, धोतर ओढते. दिवसा गुंगीत पडून राहते. कोणी म्हणते म्हातारचळ हाय, कोणी म्हणते बाहेरचं हाय. नागपूरच्या मनोरुग्णालयात न्यावं का?
– एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : आजच न्या, पण आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात. वर्षभराचं विसरणं आणि परवापासूनचं बिथरणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. स्मृतिभ्रंश महिन्या-महिन्यांनी पुढे सरकतो. तासातासाला बदलणारं, रात्री वाढणारं, दिवसा गुंगी आणणारं ते डेलिरियम. त्याचं मूळ बहुतेक वेळा शरीरात कुठेतरी असतं, आणि ते वेळेत सापडलं तर माणूस पुष्कळदा सावरतो. आधी देवऋषी, मग दवाखाना असं करत आठवडा घालवला, तर तेवढ्यात मूत्रपिंडं बसू शकतात.

उन्हाळ्यात आपल्याकडे पहिला संशय पाण्यावर घ्यावा. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि रात्री उठावं लागू नये म्हणून माणूस संध्याकाळपासून पाणी तोडतो. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, पोट साफ होत नाही, आणि ताप नसतानाही डोकं फिरतं.

निघण्याआधी तीन गोष्टी बघून ठेवा. शेवटची लघवी कधी झाली? बेंबीखाली हात लावला तर फुगीर, घट्ट लागतं का? प्रोस्टेट वाढून लघवी तुंबली तर तेवढ्यानंही म्हातारा माणूस बिथरतो. दुसरं, गेल्या दोन महिन्यांत कुठे पडले होते का? किरकोळ मारानंही मेंदूवर हळूहळू रक्त साचतं, त्याची लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात आणि सीटी स्कॅनशिवाय ते कळत नाही. तिसरं, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला, मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्याही. बीपीची लघवी वाढवणारी गोळी रक्तातलं सोडियम उतरवू शकते. क्लोरफेनिरामिनसारखी सर्दीची गोळी म्हाताऱ्या मेंदूचा गोंधळ करते. शुगरची गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर घसरते. ग्लुकोमीटरवर आकडा ७० च्या खाली असेल आणि माणूस जागा असून नीट गिळत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आणि दारू. रोज घेणाऱ्याची दोन-चार दिवसांपूर्वी सुटली असेल तर नेमकं असंच चित्र दिसतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात नातेवाईक हे सांगायला कचरतात. डॉक्टर पोलीस नाहीत, त्यांना सांगा.

बाजेला बांधू नका. माणूस सुटायला धडपडतो, दमतो, त्वचा सोलून निघते. ओळखीचं एकच माणूस जवळ बसवा, दिवा मंद चालू ठेवा, चष्मा घाला. ‘ढोरं नाहीत’ म्हणून वाद घालू नका. ‘बाबा, मी इथंच आहे, आपण घरी आहोत’ एवढं पुरे. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नका. अल्प्राझोलामनं गोंधळ वाढतो आणि पडण्याची भीती असते. दारू सुटल्याचा प्रकार तेवढा निराळा, तिथे त्याच जातीची गोळी डॉक्टर स्वतः मोजून देतात.

हे उतरायला दिवस लागतात, कधी आठवडे. विसरण्याची तपासणी त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी करा. तेव्हा बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, कारण या दोन्हींच्या कमतरतेनं आलेलं विसरणं औषधानं सुधारू शकतं.

प्रश्न : तिसरीतला मुलगा, वय ८. जागेवर बसत नाही, पोरांना मारतो, मधेच शून्यात बघत राहतो. घरी रोज मार खातो, तरी फरक नाही. पालक म्हणतात, गोळी सुरू करा.
– जिल्हा परिषद शिक्षक, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली

उत्तर : गुरुजी, गोळीला अजून वेळ आहे. अतिचंचलता म्हणायची तर लक्षणं बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा महिने टिकलेली आणि शाळा-घर अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फक्त तुमच्याच वर्गात दिसत असतील तर कारण वर्गात शोधावं लागेल.

त्याआधी कान, डोळे, हिमोग्लोबिन. रात्री तोंड उघडं ठेवून घोरतो का, हेही घरी विचारा. झोप न झालेलं लेकरू पेंगत नाही, उलट उधळतं. शून्यात बघणं नीट टिपा : हाक मारली, खांद्याला हात लावला तरी काही सेकंद भानच नसेल आणि मग मागचं काम तसंच पुढे सुरू होत असेल, तर ती छोटी फीट असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ घेऊन डॉक्टरांना दाखवा. तुमच्या भागात सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी तर झालीच पाहिजे. त्यात हात-पाय लुळे न पडताही मेंदूच्या बारीक भागांचा रक्तपुरवठा तुटतो. बाहेरून दिसतं ते इतकंच, की पोराचं लक्ष लागत नाही आणि ते अभ्यासात मागे पडतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा या मुलाचं नाव आधीच काढून ठेवा.

मग दोन आठवडे वही ठेवा. प्रत्येक भांडणाआधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं, एवढे तीनच रकाने. नोंदी खिचडीच्या आधीच्या तासाला दाटल्या असतील तर तो सकाळी उपाशी येतो का ते बघा. मारल्यावर दरवेळी वर्गाबाहेर काढलं जात असेल, तर त्याला हवं तेच मिळतंय. पुढच्या बाकावर बसवा. एका वेळी एकच सूचना द्या. नीट बसला की लगेच, नेमकं काय बरं केलं ते सांगून शाबासकी द्या. ती संध्याकाळपर्यंत राखून ठेवलेली कामाची नाही. लक्ष वेधायला केलेल्या आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं, तर पहिले काही दिवस ओरडणं वाढेल. तिथेच बहुतेक जण हार मानतात, आणि जास्त ओरडलं की मिळतं हा धडा पोराला पक्का बसतो. रोजचा मार मात्र आधी थांबला पाहिजे. पोरगं वर्गात तोच मार पुढे वाटत असतं.

एवढं करूनही भागलं नाही तर जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ मिथाइलफेनिडेट सुचवू शकतात. गोळी सकाळी, न्याहारीनंतर. भूक मरते, म्हणून वजन-उंची ठरावीक काळानं मोजावी लागते. घराण्यात लहान वयात हृदयविकारानं कोणी गेलं असेल तर आधी सांगावं.

एक सूचना वेगळी. वागणं अचानक बदललं असेल, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, एकाच माणसाला बघून पोर दबकत असेल, तर लैंगिक अत्याचाराची शक्यता मनात धरा. मुलानं काही सांगितलं तर त्याचेच शब्द लिहून ठेवा, खोदून विचारू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. गावात मिटवून टाकणं हा पर्याय नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर कधीही फोन लागतो.

प्रश्न : एक सून दर दोन-तीन महिन्यांनी मार लागलेली येते. ‘पडली’ म्हणते. सासू बाजूलाच उभी. विचारू कसं?
– आशाताई, ता. सेलू, जि. वर्धा

उत्तर : ताई, सासूसमोर नाहीच. लघवीची तपासणी किंवा वजन हे निमित्त करून सिस्टरांसोबत तिला आत घ्या आणि दार लावा. मग सरळ विचारा : ‘बऱ्याच बायांना घरात मार बसतो, म्हणून आम्ही सगळ्यांनाच विचारतो. तुला कोणी मारतं का?’ नाही म्हणाली तर वाद नको. दार उघडं आहे एवढं तिला कळलं तरी ती पुढच्या खेपेला बोलू शकते.

नोंद कागदावर सिस्टरांनी करावी : वळ कुठे, किती सेंटिमीटर, कोणत्या रंगाचा, तिचे शब्द जसेच्या तसे. रंगावरून वळ किती दिवसांचा हे ठरवू नये, तो अंदाज फसतो.

गळा दाबला होता का, हे वेगळं विचारा. आवाज बसला, गिळताना दुखतं, डोळ्यात लाल ठिपके दिसतात यांपैकी काहीही असेल तर गळ्यावर खूण नसली तरी त्याच दिवशी रुग्णालय. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली तर पक्षाघात नंतरही येऊ शकतो. गरोदरपणातला मार, विळा-कुऱ्हाड दाखवून दिलेली धमकी, हल्ली वाढलेली मारहाण, ही सगळी जिवाच्या धोक्याची लक्षणं.

‘सोड त्याला’ असं म्हणू नका. घर सोडण्याचा काळच पुष्कळदा सर्वांत धोक्याचा असतो, आणि निर्णय तिचा आहे. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, पोरांचे कागद विश्वासाच्या घरी ठेवायला सांगा. पत्रक हातात देऊ नका, ते सापडलं तर मार वाढेल. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर तोंडपाठ करून घ्या. २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी तिची तक्रार नोंदवतात, आणि नवऱ्याच्या घरात राहण्याचा तिचा हक्क त्याच कायद्यात आहे.

मरणाचे विचार येतात का, हेही विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, तिथूनच १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन लावा, आणि फवारणीचं औषध घराबाहेर कुलपात जाईल असं बघा.

प्रश्न : सासूबाईंना स्मृतिभ्रंश. आंघोळीला नेलं की चावतात, ओरबाडतात. मागच्या आठवड्यात माझा हात उठला.
– एक वाचक, अचलपूर, जि. अमरावती

उत्तर : लिहिलंत हे बरं केलं. हात उठणं हा छळच, पण तो थांबवता येतो.

आंघोळ रोज लागत नाही. आठवड्यातून दोनदा पुरते, बाकी दिवशी ओल्या फडक्यानं पुसा. त्यांच्या डोक्यावर अचानक पाणी पडलं की त्यांना तो हल्लाच वाटतो. पाणी कोमट घ्या, खांद्यावरून टॉवेल राहू द्या, पायांपासून सुरुवात करा आणि डोकं शेवटी, किंवा वेगळ्या दिवशी. प्रत्येक कृती करण्याआधी सांगा, तांब्या त्यांच्याच हातात द्या. तरीही चावत असतील तर गुडघा, दात, बद्धकोष्ठ बघा. दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. शांत करायच्या मानसिक औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून ती शेवटचा उपाय आणि थोड्या काळासाठीच.

राग चढला की त्यांना बाजेवर नीट बसवा, विळी-चूल दूर आहे ना ते बघा, आणि दहा मिनिटं बाहेर पडा. घरात आणखी लेकी-सुना, लेक असतील तर वार लावून घ्या. आंघोळीचे दोन दिवस तरी दुसऱ्या कोणाकडे गेले पाहिजेत. नवऱ्यालाही त्यात धरा, आई त्यांची आहे. कोणीच ऐकत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. सांभाळणाऱ्यांनाही तिथे फोन करता येतो.